ठराव, माघार आणि विश्वास

१

सरकारच्या शब्दावर लोकांचा विश्वास राहिलेला नाही, असे विधान हल्ली चहाच्या टपरीपासून वर्तमानपत्राच्या अग्रलेखापर्यंत सर्वत्र ऐकू येते. त्याला कारणेही तशीच आहेत. सकाळी निघालेल्या निर्णयाला संध्याकाळी स्थगिती मिळते. आधीच्या मंत्रिमंडळाने केलेले पुढचे मंत्रिमंडळ पुसून टाकते. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा निर्णय एप्रिलमध्ये काढला, जूनच्या मध्यात त्याचे शब्द बदलले आणि २९ जून रोजी दोन्ही निर्णय मागे घेतले. अडीच महिन्यांत एकाच प्रश्नावर सरकार तीन ठिकाणी उभे राहिले. पांढरपेशा वर्गाला याचा धक्का बसला. 'असे कधी झाले नव्हते' असे पुष्कळांनी म्हटले.

असे कधी झाले नव्हते हे खरे नाही. ते त्यांच्या बाबतीत झाले नव्हते, एवढेच खरे. या देशातल्या अस्पृश्य समाजाचा राज्यकर्त्यांशी जो संबंध आला, त्याचा इतिहास बव्हंशी दिलेल्या आणि परत घेतलेल्या निर्णयांचा इतिहास आहे. हा इतिहास नीट मांडला, तर आज सर्वांना सतावणाऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला त्याची मदत होईल. निर्णय फिरवल्यामुळे विश्वास नेमका कशाने जातो? निर्णय बदलणे हाच दोष आहे काय? की निर्णय कोणाच्या दडपणाखाली बदलला आणि त्या बदलाची किंमत कोणी मोजली, यात खरा दोष आहे? या लेखात मला एवढ्याच प्रश्नाचा विचार करायचा आहे. त्यासाठी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे प्रकरण मध्यभागी ठेवले आहे.

२

आधी दोन जुनी उदाहरणे घेऊ.

पहिले सैन्यभरतीचे. कंपनी सरकारच्या मुंबई सैन्यात महारांची भरती होत असे. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईतील त्यांच्या पराक्रमाची नोंद तेथील स्तंभावर आहे. सैन्याच्या निमित्ताने आमच्या काही घरांत अक्षरओळख आली, निवृत्तिवेतन आले, गावकीच्या बाहेरचे जग आले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी याच परंपरेतले. पुढे 'लढवय्या जातीं'चा सिद्धांत इंग्रजांच्या डोक्यात शिरला आणि १८९२-९३ च्या सुमारास ही भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेतील भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. कोणी दाद घेतली नाही. मग पहिले महायुद्ध आले, माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज संपली आणि १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. दुसरे महायुद्ध आले आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट स्थापन झाली. भरती, बंदी, भरती, बंदी आणि पुन्हा भरती. महारांच्या शौर्यात या काळात काही चढउतार झाला नव्हता. चढउतार झाला तो सरकारच्या गरजेत. अर्ज आणि विनंत्यांनी जे दार उघडले नाही, ते दोन वेळा युद्धाने उघडले.

दुसरे उदाहरण महाडचे. १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदे कौन्सिलने सी. के. बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक निधीतून बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. १९२४ साली महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. तीन वर्षे एकाही अस्पृश्याला त्या तळ्याचे पाणी पिता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा प्रथमच त्या ठरावाची अंमलबजावणी झाली. तीही ठराव करणाऱ्यांनी नव्हे, ज्यांच्यासाठी ठराव झाला त्यांनी केली. परिणाम काय झाला? परतणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला.

हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ठराव नुसता कागदावर होता तोवर कोणाची हरकत नव्हती. दलितांनी तो खरा मानला त्या दिवशी तो अडचणीचा ठरला. हल्ला झाला तो ठराव करणाऱ्यांवर झाला नाही, ठरावावर विश्वास ठेवणाऱ्यांवर झाला. आणि हल्ल्यानंतर पालिकेने हल्लेखोरांना शासन करण्याऐवजी ठराव मागे घेतला. पुढे प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. पालिकेच्या ठरावापासून न्यायालयाच्या निकालापर्यंत तेरा वर्षे गेली.

महाडचा हा क्रम एकावन्न वर्षांनी मराठवाड्यात, स्वतंत्र भारतात, लोकांनी निवडून दिलेल्या सरकारच्या राज्यात जसाच्या तसा घडला.

३

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. येथील दलितांना ब्रिटिश मुलखातल्या चळवळीचा वारा उशिरा लागला. डिसेंबर १९३८ मध्ये कन्नड तालुक्यातील मक्रणपूर येथे भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने परिषद भरली आणि बाबासाहेब तिला आले. पुढे १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हतीच, अशा काळात नागसेनवनाच्या माळावर गंगापूर, वैजापूर, पैठण, कन्नड, अंबड या तालुक्यांतून पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन मुले येऊ लागली. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते त्यानंतर, २३ ऑगस्ट १९५८ रोजी. त्याच्या आधी या भागात उच्च शिक्षणाचे बी कोणी पेरले, याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे ही मागणी त्या ऋणाची जाणीव म्हणून पुढे आली.

१९७७ मध्ये मागणीने जोर धरला. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. त्यांनी आश्वासन दिले. जुलै १९७८ मध्ये त्यांचे सरकार गेले आणि शरद पवार मुख्यमंत्री झाले. नवे सरकार आल्यावर अवघ्या नऊ दिवसांनी, २७ जुलै १९७८ रोजी, विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. राज्यातील सर्वोच्च लोकप्रतिनिधी सभेने दिलेला हा शब्द होता. त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, तर कोणाच्या शब्दावर ठेवायचा?

ठराव झाल्याबरोबर मराठवाडा पेटला. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद या तेव्हाच्या पाचही जिल्ह्यांत जाळपोळ झाली. नांदेड आणि परभणीत कहर झाला. सुमारे बाराशे गावांना झळ पोहोचल्याचे त्या काळच्या अहवालांत नमूद आहे. दलित वस्त्या जळाल्या, विहिरींत घाण टाकली गेली, उभी पिके कापली गेली, माणसे रानात लपून राहिली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. विद्यापीठाचे नाव बदलायचे होते औरंगाबाद शहरात. घरे जळाली ती तिथून दोनअडीचशे किलोमीटर दूर, जिथल्या बहुसंख्य माणसांनी विद्यापीठाचे दार पाहिले नव्हते अशा गावांत.

असे का व्हावे? नामांतराला विरोध करणाऱ्यांत हैदराबाद मुक्तिसंग्रामात तुरुंगवास भोगलेली वडीलधारी मंडळी होती. गोविंदभाई श्रॉफ होते, 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंत भालेराव होते. 'मराठवाडा' या नावात आमच्या लढ्याची अस्मिता आहे, असे त्यांचे म्हणणे. त्या म्हणण्यात केवळ ढोंग होते असे मी म्हणणार नाही. निजामाच्या काळात मराठीची जी गळचेपी झाली, ती या पिढीने सोसली होती. १९७४ च्या विकास आंदोलनात मराठवाड्याच्या मागासलेपणाचा प्रश्न धसाला लागला होता. पण प्रदेशाची अस्मिता सांगताना या प्रदेशात दलितही राहतात, त्याच प्रदेशाच्या विद्यापीठाला त्याच प्रदेशात महाविद्यालय काढणाऱ्या माणसाचे नाव दिले जात आहे, हे त्यांना का दिसले नाही? शहरात भाषा अस्मितेची होती. खेड्यात तिचा अर्थ निराळा लागला. ज्यांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, गावकीची कामे नाकारली, गायरान कसायला घेतले आणि पोरे कॉलेजात धाडली, त्यांना जागा दाखवण्याची ती संधी ठरली. म्हणून फलक बदलण्याच्या आधीच घरे जळाली, आणि घरांबरोबर धान्य, भांडी आणि पिकेही गेली. ज्याच्या बळावर माणूस गावाला नाही म्हणू शकतो, त्यावरच घाव घातला गेला.

४

आता सरकारने काय केले ते पाहू. ठराव रद्द झाला नाही. महाडच्या पालिकेने निदान ठराव रद्द करण्याचा प्रामाणिकपणा दाखवला होता. येथे ठराव तसाच ठेवून त्याची अंमलबजावणी थांबवण्यात आली.

ठराव आणि कायदा यांतला फरक सामान्य माणसाला ठाऊक नसतो, पण राज्यकर्त्यांना तो पक्का ठाऊक असतो. विद्यापीठाचे नाव विद्यापीठाच्या कायद्यात असते. ते बदलायचे तर कायद्यात दुरुस्ती करावी लागते. सभागृहाचा ठराव हे त्या सभागृहाचे मत झाले. त्याने फलकावरचे एक अक्षरही बदलत नाही. तेव्हा २७ जुलै १९७८ रोजी दलितांच्या हाती जे पडले ते नाव नव्हते. ते नाव देण्याचे वचन होते. आणि वचन देताना त्याच्या रक्षणाची तयारी केलेली नव्हती. विरोध होणार हे वर्षभराच्या वादावरून उघड होते. असे असताना गावोगावच्या वस्त्यांना संरक्षण देण्याची कोणती तजवीज होती? ठराव मुंबईत करायचा आणि त्याचे परिणाम टेंभुर्णीच्या माणसाने एकट्याने भोगायचे, याला राज्यकारभार म्हणता येत नाही.

पुढे साडेपंधरा वर्षे गेली. या काळात बॅरिस्टर अंतुले आले, बाबासाहेब भोसले आले, वसंतदादा परत आले. शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि शंकरराव चव्हाण हे मराठवाड्याचेच दोन सुपुत्र लागोपाठ मुख्यमंत्री झाले. मग पुन्हा शरद पवार, मग सुधाकरराव नाईक, आणि १९९३ मध्ये तिसऱ्यांदा शरद पवार. मधे एकदा राष्ट्रपती राजवटही येऊन गेली. 'योग्य वेळी निर्णय घेऊ', 'सामंजस्याने मार्ग काढू' ही वाक्ये माणसे बदलली तरी बदलली नाहीत. कोणीही ठराव चूक होता असे म्हटले नाही, आणि कोणीही तो अमलात आणला नाही.

नकारापेक्षा ही टोलवाटोलवी अधिक घातक असते. सरकारने स्पष्ट नकार दिला तर माणूस त्याच्याशी भांडू शकतो, न्यायालयात जाऊ शकतो, मतपेटीतून जाब विचारू शकतो. होकार देऊन स्वस्थ बसणाऱ्या सरकारशी भांडायचे कसे? ते तर 'आम्ही तुमच्याच बाजूचे' म्हणून हात जोडून उभे राहते.

या साडेपंधरा वर्षांत समाजातील तीन थर तीन निरनिराळे धडे शिकले. ज्यांनी जाळपोळ केली, त्यांना समजले की आग लावली तर विधिमंडळाचा ठरावही थांबवता येतो. जे कडेला उभे राहून पाहत होते, त्यांना समजले की सरकारच्या निर्णयाला फार मनावर घ्यायचे नसते. आणि ज्यांची घरे जळाली, त्यांना समजले की सरकार बोलते तेव्हा आधी आपल्या पोराबाळांची सोय पाहावी. राज्यावरचा विश्वास गेला असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात हे तीन धडे गिरवले गेलेले असतात. पहिल्या धड्याचे पीक मराठवाड्याच्या राजकारणात पुढे कोणी कापले, हे १९८८ च्या औरंगाबाद महापालिका निवडणुकीने आणि १९९५ च्या विधानसभा निवडणुकीने दाखवून दिले.

५

परंतु दलित समाजाने आणखी एक गोष्ट केली, आणि तिचे महत्त्व आपल्या विचारवंतांनी पुरेसे ओळखलेले नाही. त्याने ठराव विसरू दिला नाही. नोव्हेंबर १९७९ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरून प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च निघाला. माणसे शेकडो मैल पायी चालली, वाटेत आणि औरंगाबादेत त्यांची धरपकड झाली. त्यानंतर सत्याग्रह झाले, जेलभरो झाले, वर्षामागून वर्षे मोर्चे निघाले. दलित पँथर, रिपब्लिकन पक्षाचे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे गट, युक्रांद, समाजवादी, बाबा आढावांसारखे कार्यकर्ते या एका मागणीवर एकत्र आले. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतले. अशा मरणाचे गौरवीकरण करण्याची माझी इच्छा नाही. वचन पाळायला सरकारला एवढी वर्षे लागावीत आणि त्यासाठी तरुण पोराने जळून घ्यावे, यात गौरव कसला? ती राज्यसंस्थेची नामुष्की आहे.

या सर्व लढ्यात मागणी काय होती? नवे काही मागितलेले नव्हते. तुमच्याच सभागृहाने केलेला ठराव पाळा, एवढेच म्हणणे होते. ज्या समाजाने राज्यावर विश्वास ठेवण्याचे कोणतेही कारण उरले नव्हते, तोच समाज राज्याला राज्याच्या शब्दाशी बांधून ठेवत होता. सरकारने ठराव वाऱ्यावर सोडला. चळवळीने तो धनकोने रोखा जपावा तसा जपला. विश्वास आणि हक्क यांतला फरक येथे दिसतो. विश्वास ठेवणारा वाट पाहत बसतो. हक्क सांगणारा वसुलीला निघतो.

१४ जानेवारी १९९४ रोजी निर्णय अमलात आला. या वेळी सरकारने आधी चर्चा केल्या होत्या, बंदोबस्त ठेवला होता. हिंसा तेव्हाही झाली, पण १९७८ सारखा वणवा पेटला नाही. म्हणजे जे १९७८ मध्ये अशक्य म्हणून सांगितले गेले, ते तयारी केली तर शक्य होते. मात्र जे मिळाले ते नामांतर नव्हते, नामविस्तार होता. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असे नाव झाले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला विद्यापीठाचे विभाजन होऊन नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले. ज्या नांदेड-परभणीत नामांतराच्या नावाने सर्वाधिक घरे जळाली, तेथील महाविद्यालये बाबासाहेबांच्या नावाच्या विद्यापीठाच्या कक्षेतूनच बाहेर गेली. नांदेडला विद्यापीठ असावे ही मागणी रास्त होती आणि स्वामीजींविषयी आदरच आहे. तरीही पोचिराम कांबळे यांच्या जिल्ह्यातील पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर ज्या नावासाठी ते गेले ते नाव नसते, ही वस्तुस्थिती इतिहासाने नोंदवून ठेवली पाहिजे.

माझ्या घरात पदवीचे पहिले प्रमाणपत्र माझे. त्याच्यावर ते नाव आहे. ते नाव छापले जाण्यासाठी किती माणसांची घरे गेली, हे मला वडिलांच्या पिढीकडून कळले. कोणत्याही क्रमिक पुस्तकात ते माझ्या वाचनात आले नाही. आज वर्गात बसणाऱ्या मुलांना १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी जमणारी गर्दी माहीत असते. २७ जुलै ही तारीख मात्र फार थोड्यांना माहीत असते. मिळाल्याचा दिवस साजरा होतो. नाकारल्याच्या साडेपंधरा वर्षांचा हिशेब कोणी ठेवत नाही.

६

नाव हा प्रतीकाचा प्रश्न आहे, पोटाचा नाही, असे म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांच्यासाठी जमिनीचे उदाहरण देतो. ते गंगापूर तालुक्यातले आहे तसे मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्यातले आहे.

मराठवाड्यात भूमिहीनांनी गायरान कसायला घेण्याची चळवळ १९५३ पासूनची, बाबासाहेबांच्या हयातीतली. १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. दुसऱ्या सत्याग्रहात देशभर लाखोंनी तुरुंग भरले. त्या दडपणाने सरकारे हलली. महाराष्ट्र शासनाने १९७८ मध्ये आणि नंतर २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निर्णय काढले. दुसऱ्या निर्णयानुसार १४ एप्रिल १९९० पूर्वीपासून गायरान कसणाऱ्या दलित, आदिवासी, भटक्या भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करायची होती. तारीखही बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या प्रारंभाची निवडली होती.

मग काय झाले? काहींच्या नावाचा सातबारा झाला. पुष्कळांचा झाला नाही. तहसील कचेरी पुरावा मागते. पुरावा कोणता? गाव नमुना एक-ई मध्ये अतिक्रमणाची नोंद, किंवा दंडाची पावती. ज्याला तलाठ्याने त्या काळात अतिक्रमण केले म्हणून दंड केला आणि पावती दिली, तो आज कसणारा ठरतो. ज्याला दंड झाला नाही, किंवा दंड घेऊन पावती दिली नाही, त्याने त्या रानात तीस-चाळीस वर्षे बाजरी काढली असली तरी तो कोणीच नाही. म्हणून आमच्याकडे म्हाताऱ्या बायका दंडाची पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत, लुगड्याच्या घडीत जपून ठेवतात. सरकारने ज्या कागदाने तिला गुन्हेगार ठरवले, तोच तिच्या हक्काचा एकमेव पुरावा झाला आहे.

२०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याविषयी निकाल दिला. त्यापाठोपाठ १२ जुलै २०११ रोजी राज्य शासनाने गायरानांवरील अतिक्रमणांविरुद्ध निर्णय काढला. त्या निकालातही भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या जमिनींचा अपवाद गृहीत धरलेला आहे, पण नोटीस काढणारा कारकून अपवाद वाचत नाही. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पुन्हा नोटिसा निघाल्या, गावोगाव मोर्चे निघाले, आणि मग घरे पाडणार नाही अशी आश्वासने आली. १९९१ चा निर्णय सांगतो, जमीन तुझी. २०११ चा सांगतो, तू उठ. नंतरचे आश्वासन सांगते, सध्या बस. गंगापूर तालुक्यात वाळूजची औद्योगिक वसाहत आल्यापासून जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले. अशा ठिकाणी 'सध्या बस' याचा अर्थ कोणाला कळत नाही?

विहिरीसाठी कर्ज काढावे की नाही, बांध घालावा की नाही, चिंचेचे झाड लावावे की नाही, हे सगळे त्या एका शब्दावर अवलंबून असते. निर्णय फिरत राहिला की माणूस झाड लावीत नाही. अविश्वासाची ही किंमत कोणत्याही पाहणीत मोजली जात नाही.

७

सरकारने कधीच निर्णय बदलू नये, असे मात्र या इतिहासावरून सिद्ध होत नाही. तसे म्हणणे लोकशाहीला धरून होणार नाही. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अत्याचार प्रतिबंधक कायद्याची धार बोथट करणारा निर्णय दिला. २ एप्रिलला देशभर बंद झाला, माणसे मेली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून पूर्वीची स्थिती आणली. ते बदलणे योग्यच होते. हिंदीचा निर्णयही पालकांचा आणि शिक्षकांचा विरोध ऐकून मागे घेतला असेल, तर त्यात सरकारची शोभा आहे.

मग भेद कुठे करायचा? मला तीन प्रश्न विचारावेसे वाटतात. निर्णय बदलला तो कोणाचे ऐकून, युक्तिवाद करणाऱ्याचे की आग लावणाऱ्याचे? बदलाची कारणे उघडपणे सांगितली काय, की निर्णय कागदावर ठेवून त्याचा श्वास कोंडला? आणि ज्यांनी पहिल्या निर्णयावर विसंबून पाऊल टाकले, त्यांच्या नुकसानीची जबाबदारी कोणी घेतली? नामांतर या तिन्ही कसोट्यांवर उणे उतरते. गायरानही उतरते.

आमच्या शहराच्या नावाचेही तेच. औरंगाबादचे संभाजीनगर करण्याचा निर्णय १९९५ मध्ये युती सरकारने घेतला, २००१ मध्ये आघाडी सरकारने तो मागे घेतला. २९ जून २०२२ रोजी एका मंत्रिमंडळाने जाता जाता पुन्हा तो घेतला. १६ जुलै रोजी पुढच्या मंत्रिमंडळाने तोच निर्णय 'छत्रपती' हा शब्द जोडून नव्याने घेतला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची मान्यता आली. त्या नावाच्या बाजूचे वा विरोधातले मत येथे अप्रस्तुत आहे. एवढेच पाहावे, की १९७८ पासून या भूमीत नावे ही लोकांना एकमेकांसमोर उभे करण्याचे साधन झाली, आणि नाव देणाऱ्या सरकारांनी त्या नावामागच्या माणसांना पाणी, जमीन, शाळा देण्याच्या बाबतीत अशी तडफ कधी दाखवली नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीविषयी इशारा दिला होता. त्यांनी संविधानिक नीतीचा आग्रह धरला तोही याच कारणाने. राज्यकर्त्याच्या चांगुलपणावर विसंबून राहिलेला नागरिक प्रत्येक माघारीनंतर पोरका होतो. नियमावर, कायद्यावर, लेखी शब्दावर बोट ठेवणारा नागरिक पोरका होत नाही, कारण त्याने विश्वास माणसावर ठेवलेलाच नसतो. महाडला पालिकेने ठराव रद्द केला तरी चळवळीने हक्क सोडला नाही. मराठवाड्यात सरकारने ठराव गोठवला तरी चळवळीने तो वितळवून घेतला.

पण याचा अर्थ सरकार सुटले असा होत नाही. प्रत्येक शब्द वसूल करायला दलितांनी दर वेळी साडेपंधरा वर्षे द्यायची, ही काही न्यायाची रीत नाही. यापुढे वंचितांच्या बाजूचा कोणताही निर्णय जाहीर करताना तो कोणत्या कायद्याने, कोणत्या तारखेपासून, कोणत्या अधिकाऱ्याने अमलात आणायचा आणि त्याच्या रोषापायी ज्यांच्यावर हल्ला होईल त्यांचे रक्षण कोणी करायचे, हे त्याच कागदावर लिहिले गेले पाहिजे. हे लिहायची तयारी नसेल तर निर्णय जाहीर करू नये. टाळ्या मुंबईत पडतात आणि राख मराठवाड्यात उरते, हे एकदा झाले तेवढे पुरे.

आणि आपल्या तरुणांना माझे सांगणे आहे. २७ जुलै १९७८ ते १४ जानेवारी १९९४ या काळाची गावनिहाय नोंद करा. कोणाचे घर जळाले, कोणाला भरपाई मिळाली, कोण गाव सोडून गेले आणि कोण परत आले, हे सांगणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. कागद तहसिलीत असतात, पण तिथे नसलेले पुष्कळ या माणसांजवळ आहे. ते लिहून घेतले नाही, तर पुढच्या वेळी सरकार शब्द फिरवील तेव्हा 'असे कधी झाले नव्हते' म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला आपल्याजवळ काही उरणार नाही.